साहित्याच्या वर्गातून निघालेला विषय : ब्रिटनची नवी विद्यापीठे आणि माध्यम-अभ्यास

मराठी विभागांच्या अभ्यासक्रमात 'प्रसारमाध्यमे' हा शब्द शिरून आता बराच काळ लोटला आहे. वृत्तपत्रीय लेखन, नभोवाणीसाठी लेखन, जाहिरातलेखन, मुद्रितशोधन, अलीकडे समाजमाध्यमांसाठी लेखन अशा घटकांच्या अभ्यासपत्रिका आम्ही मराठीचे अध्यापक शिकवतो, त्यांच्या प्रश्नपत्रिका काढतो आणि त्यांचे समर्थन करताना बहुधा 'रोजगाराभिमुखता' या एकाच शब्दाचा आधार घेतो. हा विषय साहित्याच्या विभागात नेमका कशासाठी आहे, तो बाहेरून आलेला पाहुणा आहे की घरातलेच कोणी परतून आले आहे, हा प्रश्न अभ्यासमंडळाच्या बैठकीत सहसा कोणी विचारत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना ब्रिटनचा अनुभव फार उपयोगी पडतो, असे आम्हांला वाटते. तेथे माध्यम-अभ्यास हा विषय साहित्याच्या वर्गातून निघाला, जुन्या विद्यापीठांच्या उंबरठ्यावर दीर्घकाळ थांबला, नव्या विद्यापीठांत वाढला, आणि आज त्याच नव्या विद्यापीठांत त्याच्यावर गंडांतर आलेले आहे. 'नवी विद्यापीठे' हा तेथील रूढ शब्दप्रयोग आहे. १९९२ च्या कायद्याने ज्या पॉलिटेक्निकांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्या संस्थांना तो मुख्यतः लावला जातो. आपल्याकडे पॉलिटेक्निक म्हणजे अभियांत्रिकीची पदविका देणारे तंत्रनिकेतन. ब्रिटनमधील पॉलिटेक्निक तसे नव्हते. तेथे पदवीपर्यंतचे आणि त्याही पुढचे शिक्षण मिळे, परंतु पदवी देण्याचा स्वतःचा अधिकार त्यांना नव्हता. हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे पुढील इतिहास समजणे सोपे जाईल.

१

इंग्रजी साहित्याच्या अध्यापकांनी माध्यमांकडे प्रथम पाहिले ते संशयाने. क्यू. डी. लीव्हिस यांचा 'फिक्शन अँड द रीडिंग पब्लिक' हा ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला. लोकप्रिय कादंबरी आणि तिचा वाचक यांची त्यात दखल घेतलेली होती, पण सूर अभिरुचीच्या ऱ्हासाबद्दलच्या चिंतेचा होता. पुढच्याच वर्षी एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्प्सन यांनी 'कल्चर अँड एन्व्हायर्नमेंट' हे पुस्तक लिहिले. शाळेतील शिक्षकांनी जाहिराती, वृत्तपत्रे आणि मासिके वर्गात आणावीत, मुलांकडून त्यांचे बारकाईने वाचन करून घ्यावे, अशी त्याची योजना होती. देवीची लस टोचावी तसा हा उपक्रम होता. मुलांना जाहिरातीची बाधा होऊ नये म्हणून जाहिरात वाचायची.

या भूमिकेतील उच्चभ्रूपणावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच होती. परंतु त्या टीकेच्या भरात एक गोष्ट निसटून जाते. कवितेतील शब्दयोजना, ध्वन्यर्थ आणि वक्त्याचा पवित्रा ज्या पद्धतीने तपासायचा, त्याच पद्धतीने साबणाची जाहिरातही तपासता येते, हे या मंडळींनी दाखवून दिले. दृष्टी सदोष असली तरी हत्यार हाती आले होते.

दृष्टी पालटली ती विद्यापीठाच्या मुख्य इमारतीबाहेर. ज्याला आपल्याकडे पुणे-मुंबईच्या विद्यापीठांनी 'बहिःशाल शिक्षण' असे नेमके नाव दिले, त्या प्रौढांसाठीच्या वर्गांत ती पालटली. रिचर्ड हॉगर्ट १९४६ ते १९५९ या काळात हल विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात शिकवत होते. रेमंड विल्यम्स १९४६ ते १९६१ अशी पंधरा वर्षे ऑक्सफर्डच्या वतीने असेच वर्ग घेत होते. हॉगर्ट लीड्सच्या कामगारवस्तीत आजीच्या घरी वाढलेले, विल्यम्स वेल्सच्या सीमेवरील खेड्यातील रेल्वे सिग्नलमनचे चिरंजीव. दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी वर्गात येणाऱ्या प्रौढ माणसांपुढे उभे राहून 'सामान्य वाचकाची अभिरुची बिघडली आहे' असे म्हणणे या दोघांनाही शक्य नव्हते. तो सामान्य वाचक त्यांच्यासमोरच बसलेला होता, आणि आपण काय वाचतो, का वाचतो, याबद्दल त्याला स्वतःलाही काही सांगायचे होते.

हॉगर्ट यांचे 'द यूजेस ऑफ लिटरसी' १९५७ मध्ये आले. विल्यम्स यांची 'कल्चर अँड सोसायटी' (१९५८), 'द लाँग रेव्होल्यूशन' (१९६१) आणि 'कम्युनिकेशन्स' (१९६२) ही पुस्तके त्यापाठोपाठ आली. 'कम्युनिकेशन्स'मध्ये विल्यम्स यांनी वृत्तपत्रांतील जागेचा हिशेब मांडला. बातमीला किती, जाहिरातीला किती, खेळाला किती, असे मोजून दाखवले. साहित्याचा माणूस प्रथमच मोजपट्टी घेऊन वृत्तपत्राकडे वळला होता, आणि वर्तमानपत्र कोणाच्या मालकीचे आहे हा प्रश्नही त्याच पुस्तकात होता. जमैकाहून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आलेले स्टुअर्ट हॉल याच सुमारास लंडनच्या शाळांतून व पुढे चेल्सी कॉलेजात चित्रपट आणि माध्यमे शिकवत होते. पॅडी व्हॅनेल यांच्यासह त्यांनी लिहिलेले 'द पॉप्युलर आर्ट्‌स' १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी हॉगर्ट यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन केले. त्यासाठी लागणाऱ्या पैशाचा मोठा भाग पेंग्विन प्रकाशनाच्या अ‍ॅलन लेन यांनी दिला. इंग्रजी विभागाच्या आश्रयाने सुरू झालेल्या या छोट्या केंद्राची कीर्ती पुढे जगभर झाली. १९६८ पासून त्याची धुरा हॉल यांनी वाहिली. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक संदेश जसाच्या तसा गिळत नाही, तो कधी स्वीकारतो, कधी घासाघीस करतो, कधी साफ उलटा अर्थ लावतो, हे सांगणारा त्यांचा १९७३ चा निबंध आज आपल्याकडील विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. परंतु हे केंद्र दीर्घकाळ केवळ पदव्युत्तर संशोधनाचे होते. अठरा वर्षांच्या सर्वसामान्य विद्यार्थ्याला माध्यमांचा अभ्यास हा पदवीचा विषय म्हणून घेता यावा, ही सोय तेथे नव्हती. ती सोय दुसरीकडे झाली.

२

१९६३ च्या रॉबिन्स अहवालाने उच्चशिक्षणाचा विस्तार करण्याची शिफारस केली. १९६५ मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी वूलिचच्या भाषणात विद्यापीठांना समांतर असा दुसरा प्रवाह उभारण्याचे धोरण जाहीर केले, आणि १९६९ ते १९७३ या अवधीत तीस पॉलिटेक्निक अस्तित्वात आली. जुनी तंत्रविद्यालये, वाणिज्य विद्यालये, कलाशाळा एकत्र करून त्या घडवलेल्या होत्या. त्यांच्या पदव्या १९६४ मध्ये स्थापन झालेली एक राष्ट्रीय परिषद देई.

या व्यवस्थेचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. जुन्या विद्यापीठात विषयांचे विभाग पक्के झालेले असतात. नवा विषय आणायचा तर कोणत्या तरी जुन्या विभागाची जागा, पैसा आणि प्रतिष्ठा कमी होते, आणि तो विभाग अर्थातच विरोध करतो. पॉलिटेक्निकमध्ये अशी जुनी सरंजामी फारशी नव्हती. छायाचित्रणाचा अध्यापक, समाजशास्त्राचा अध्यापक आणि इंग्रजीचा अध्यापक एकाच मजल्यावर बसत. मात्र नवी पदवी सुरू करायची तर परिषदेच्या तज्ज्ञसमितीपुढे अभ्यासक्रमाचा हेतू, आशय, ग्रंथसूची, मूल्यमापनाची रीत हे सारे लेखी मांडून त्याचे समर्थन करावे लागे. म्हणजे नावीन्याला वाव होता, पण ते नावीन्य दुसऱ्याला पटवून देण्याची सक्तीही होती. आमच्या मते हा विषय बौद्धिकदृष्ट्या सकस झाला त्यामागे या सक्तीचा वाटा मोठा आहे.

१९७५ मध्ये पॉलिटेक्निक ऑफ सेंट्रल लंडन या संस्थेत ब्रिटनमधील माध्यम-अभ्यासाची पहिली पदवी सुरू झाली. योगायोग असा, की या संस्थेच्या रीजंट स्ट्रीटवरील इमारतीतच फेब्रुवारी १८९६ मध्ये ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा ब्रिटनमधील पहिला खेळ झाला होता. त्याच वर्षी ७ जुलैला ती चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोचली, हे आपल्याकडील चित्रपटाचा इतिहास वाचणाऱ्यांना माहीत आहेच. या पदवीत विद्यार्थी माध्यमांचा इतिहास, त्यांचे अर्थकारण आणि सिद्धान्त शिकत आणि त्याबरोबरच प्रत्यक्ष निर्मितीही करत. निकोलस गार्नम, जेम्स करन यांच्यासारखे अभ्यासक तेथे होते. वृत्तपत्र किंवा दूरचित्रवाणी हा केवळ अर्थांचा खेळ मानू नये, तो एक उद्योग आहे, त्यात भांडवल गुंतलेले असते, हा गार्नम यांचा आग्रह. १९७९ मध्ये या मंडळींनी 'मीडिया, कल्चर अँड सोसायटी' हे नियतकालिक सुरू केले. या विषयातील अग्रगण्य नियतकालिकांत आजही त्याची गणना होते. ज्या संस्थेला तेव्हा विद्यापीठ म्हणवून घेण्याचाही अधिकार नव्हता, तिने एका विद्याशाखेला तिचे प्रमुख नियतकालिक दिले.

दुसरे दार मुक्त विद्यापीठाचे. १९६९ मध्ये सनद मिळालेल्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७७ मध्ये जनसंज्ञापन आणि समाज या विषयाचा, तर १९८२ मध्ये लोकप्रिय संस्कृतीचा अभ्यासक्रम सुरू केला. १९७९ मध्ये स्टुअर्ट हॉलही बर्मिंगहॅम सोडून तेथे गेले. घरबसल्या शिकणाऱ्या, पूर्वी कॉलेजची पायरी न चढलेल्या विद्यार्थ्यांना शिकवता यावे, हे त्यामागचे एक कारण त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात जन्मलेला विषय अशा रीतीने पुन्हा प्रौढांकडेच गेला. दहा वर्षांनंतर, १९८९ मध्ये, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले ते याच मुक्त शिक्षणाच्या कल्पनेवर.

३

१९९२ च्या कायद्याने दुहेरी व्यवस्था संपली. पॉलिटेक्निक विद्यापीठे झाली, पॉलिटेक्निक ऑफ सेंट्रल लंडनचे वेस्टमिन्स्टर विद्यापीठ झाले, पदव्या देणारी परिषद विसर्जित झाली. विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढली आणि माध्यम-अभ्यास हा या नव्या विद्यापीठांचा ओळखीचा विषय बनला.

नेमकी हीच गोष्ट त्याला भोवली. ब्रिटिश वृत्तपत्रांनी या विषयाची यथेच्छ टिंगल केली. २००३ मध्ये उच्चशिक्षणमंत्री मार्गारेट हॉज यांनी काही पदव्यांना 'मिकी माउस' पदव्या म्हटले, आणि तो शब्द माध्यम-अभ्यासाला कायमचा चिकटला. ज्या वृत्तपत्रांची मालकी, भाषा आणि पूर्वग्रह हाच या विषयाचा अभ्यासविषय, ती वृत्तपत्रेच त्याचे परीक्षक होऊन बसली होती. परंतु या उपहासामागे वर्गीय आकसही होता. दांत्याचे महाकाव्य वाचणाऱ्या विद्यार्थ्याला 'याचा उपयोग काय' असे कोणी विचारत नव्हते, कारण तो जुन्या विद्यापीठात होता आणि त्याच्या उपजीविकेची चिंता त्याच्या घराने केलेली होती. हाच प्रश्न घराण्यात प्रथमच पदवी घेणाऱ्या, स्थानिक नव्या विद्यापीठात येणाऱ्या मुलीला मात्र रोज विचारला जात होता.

गुणवत्तेच्या प्रश्नाला इतिहासाने दिलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. २००१ च्या संशोधन-मूल्यमापनात अपेक्षित श्रेणी न मिळाल्याचे निमित्त होऊन बर्मिंगहॅम विद्यापीठाने २००२ मध्ये हॉगर्ट यांच्या केंद्रातून वाढलेला विभाग बंद केला. विद्यार्थ्यांची मागणी असताना आणि जगभरच्या अभ्यासकांनी निषेध केला असतानाही तो बंद झाला. उलट २००८ च्या मूल्यमापनात माध्यम-अभ्यासात वेस्टमिन्स्टर अग्रस्थानी आले. विषयाचे जन्मस्थान असलेल्या जुन्या विद्यापीठाने त्याला घराबाहेर काढले, आणि नव्याने त्याला उत्कृष्टतेच्या यादीत नेले.

अर्थात सर्वच नव्या विद्यापीठांतील सर्वच अभ्यासक्रम उत्तम होते, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. मागणी आहे म्हणून घाईने सुरू केलेल्या अनेक पदव्यांत सिद्धान्ताचे तास एकीकडे आणि कॅमेऱ्याचे तास दुसरीकडे, अशी फारकत झाली. विषयाच्या आतच दोन पक्ष पडले. एकाला वाटे, आपण उद्योगासाठी माणसे घडवतो. दुसऱ्याला वाटे, आपण उद्योगाची चिकित्सा शिकवतो. प्रारंभीच्या पदवीत या दोन गोष्टी हेतुतः एकत्र ठेवल्या होत्या. बातमीपट स्वतः कापून जोडून पाहिल्याशिवाय त्यातील कापाकापी दिसत नाही, आणि कापाकापीचा अर्थ कळल्याशिवाय ती जबाबदारीने करता येत नाही, हा तो विचार होता. तो विचार सुटला तेव्हा विषय दुबळा झाला.

४

यापुढची हकीकत पैशाची आहे. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये विद्यापीठीय शुल्क सुरू झाले ते वर्षाला कमाल १,००० पौंडांचे. इंग्लंडमध्ये २००६ पासून ही कमाल मर्यादा ३,००० पौंड झाली आणि २०१२ पासून ९,००० पौंड. त्याच वेळी कला, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांच्या वर्गशिक्षणासाठीचे सरकारी अनुदान जवळजवळ संपुष्टात आले. विद्यार्थ्याचे शुल्क हाच मुख्य आधार उरला. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात ही मर्यादा ९,५३५ पौंड होती.

२०१५ मध्ये विद्यापीठांनी किती विद्यार्थी घ्यावेत यावरील बंधन उठवले गेले. वरकरणी हा मुक्त प्रवेशाचा निर्णय वाटतो. प्रत्यक्षात प्रतिष्ठित जुन्या विद्यापीठांनी आपली दारे रुंद केली आणि पूर्वी नव्या विद्यापीठांत आले असते असे अनेक विद्यार्थी तिकडे वळले. जुन्या विद्यापीठांकडे देणग्यांचे निधी आणि संशोधनाची अनुदाने असतात. नव्यांकडे प्रामुख्याने शुल्क असते. वर्गातील पन्नास खुर्च्यांपैकी वीस रिकाम्या राहिल्या की तेथे विभागाचा ताळेबंदच कोसळतो.

त्यानंतर मोजमापाचा काळ आला. इंग्लंडमधील नियामक संस्थेने २०२२ मध्ये असा दंडक घातला, की पूर्णवेळ पदवीधरांपैकी किमान ६० टक्के विद्यार्थी व्यावसायिक दर्जाच्या नोकरीत, पुढील शिक्षणात किंवा तत्सम मान्य मार्गावर असले पाहिजेत. त्यासाठीची पाहणी शिक्षण संपल्यावर पंधरा महिन्यांनी होते. माध्यमांच्या क्षेत्रात पंधरा महिन्यांत पाय रोवायला ओळखी लागतात, राजधानीत राहण्याची ऐपत लागते, काही काळ अल्प मोबदल्यावर उमेदवारी करण्याची तयारी लागते. हे ज्यांच्यापाशी आहे ते पुढे जातात. ज्यांच्यापाशी नाही त्यांच्या मागे पडण्याचा दोष मात्र अभ्यासक्रमाच्या पदरी टाकला जातो.

सरकारी हातही आखडत गेला. २०२१ मध्ये माध्यम-अभ्यासासह कलाविषयांना मिळणारे जादा अनुदान दर विद्यार्थ्यामागे २४३ पौंडांवरून १२१.५० पौंडांवर आणले गेले. तो निर्णय हुजूर पक्षाच्या सरकारचा होता. २०२५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने माध्यम-अभ्यास आणि पत्रकारिता यांना या खर्चिक विषयांच्या अनुदानातून वगळण्याचा मार्ग धरला. सत्ता बदलली तरी दिशा बदलली नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

साहित्याच्या अध्यापकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी घटना याच काळातील आहे. १९९२ नंतरच्या विद्यापीठांपैकी एक असलेल्या शेफील्ड हॅलम विद्यापीठाने २०२२ मध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी स्थगित करून ती इंग्रजीच्या एका व्यापक पदवीत विलीन करण्याचे ठरवले. माध्यम-अभ्यास हा हलका विषय आणि साहित्य हा भारदस्त विषय, ही उतरंड इंग्रजीच्या अनेक प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे सांभाळली होती. रोजगाराचा काटा हाती आलेल्या व्यवस्थापनाला ही उतरंड दिसत नाही. त्याच्या तराजूत शेक्सपिअर आणि साबणाची जाहिरात यांचे वजन सारखेच भरते.

आणि ही कुऱ्हाड सर्वत्र सारखी पडत नाही. जुन्या विद्यापीठांत साहित्यही राहील आणि माध्यम-अभ्यासही राहील. एखाद्या नव्या विद्यापीठातील अभ्यासक्रम बंद होतो तेव्हा त्या शहरात राहून, घरचे काम आणि अर्धवेळ नोकरी सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुरता तो विषयच संपतो. चिकित्सा शिकण्याची मुभा ऐपतवाल्यांकडे राहते, इतरांच्या वाट्याला कौशल्य येते. हॉगर्ट आणि विल्यम्स ज्या वर्गासाठी संध्याकाळचे तास घेत होते त्याच वर्गाच्या हातून त्यांनी दिलेली वस्तू निसटते आहे. ब्रिटनमधील माध्यम-अभ्यासाच्या आजच्या स्थितीत आम्हांला सर्वांत चिंताजनक वाटते ते हेच.

५

महाराष्ट्रातील वाट वेगळी आहे. आपल्याकडे हा विषय साहित्यातून निघाला नाही, तो पत्रकारितेच्या प्रशिक्षणातून आला. अविभाजित भारतात १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले. पुण्यात १९६४ पासून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये हा विभाग आहे. मुंबई विद्यापीठाने २००० च्या सुमारास 'बीएमएम' ही पदवी आणली. २०१९ पासून ती बदललेल्या नावाने चालू आहे. जळगाव (१९९०), नांदेड (१९९४) आणि सोलापूर (२००४) येथील नव्या विद्यापीठांतही माध्यमांचे विभाग निघाले. पहिल्या पिढीचे विद्यार्थी ज्या विद्यापीठांत मोठ्या संख्येने येतात ती हीच, आणि येथील माध्यम-शिक्षणाचा पाया प्रशिक्षणाचा आहे. मराठी विभागांनी उचलले तेही प्रशिक्षणच. साहित्याच्या अभ्यासकाकडे असलेली वाचनाची रीत मात्र आम्ही माध्यमांच्या तासाला बाहेर ठेवून आलो.

वस्तुतः ही रीत आपल्यालाही परकी नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रसृष्टीचा आढावा घेतला आहे. ही पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, इतरांना त्यांत जागा नाही, असे ते तेथे दाखवतात आणि त्यातूनच स्वतंत्र पत्राची गरज सिद्ध करतात. कोण बोलतो, कोणाविषयी बोलतो, कोण गैरहजर आहे, पत्र कोणाचे आहे हे प्रश्न माध्यम-अभ्यासाचे मूलभूत प्रश्न आहेत. ते मराठीत लीव्हिस दांपत्याच्या ग्रंथांपूर्वी बारा-तेरा वर्षे विचारले गेले, आणि अभिरुचीच्या काळजीपोटी नव्हे तर बाहेर ठेवलेल्यांच्या बाजूने विचारले गेले. रा. के. लेले यांचा 'मराठी वृत्तपत्रांचा इतिहास' (१९८४) आपल्या ग्रंथालयांत आहे. सामग्री आहे, परंपरा आहे. अभ्यासपत्रिकेत मात्र 'बातमीची वैशिष्ट्ये लिहा' एवढाच प्रश्न आहे.

ब्रिटनच्या अनुभवातून आम्ही काढलेला निष्कर्ष असा, की कौशल्य हा या विषयाचा एकमेव आधार मानला तर तो विषय टिकत नाही. बातमी लिहिण्याचे तंत्र वृत्तपत्राच्या कचेरीत अधिक चांगले शिकता येते, आणि २०२२ च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आलेली लेखनयंत्रे साचेबंद बातमी, जाहिरातीचा मजकूर, प्रसिद्धिपत्रक हे सारे काही क्षणांत लिहून देतात. तीन दशके आम्ही ज्याला रोजगाराभिमुख म्हटले त्यातील बराच भाग यंत्राने उचललेला आहे. यंत्राने लिहिलेला मजकूर कोणाच्या बाजूने बोलतो, त्यात कोणाची मराठी आहे आणि कोणाची नाही, हे ओळखणारा वाचक मात्र यंत्र घडवून देत नाही. विल्यम्स यांनी १९७४ च्या 'टेलिव्हिजन' या पुस्तकात, दूरचित्रवाणीवर सुटे कार्यक्रम नसतात, एक अखंड प्रवाह असतो, असे म्हटले होते. अमेरिकेतील मायामीत एका रात्री दूरचित्रवाणी पाहताना त्यांना ही कल्पना सुचली. आज भ्रमणध्वनीवर बोटाने वर सरकत जाणारा प्रवाह समजून घ्यायला पन्नास वर्षांपूर्वीची ती कल्पना उपयोगी पडते. तंत्र शिकवणाऱ्या त्या काळच्या पुस्तिका मात्र आता उपयोगाच्या नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जात आहेत आणि मराठी विभागांकडे कौशल्यवर्धनाच्या अभ्यासपत्रिकांची मागणी होते आहे. या पत्रिका नाकाराव्यात असे आम्ही म्हणणार नाही. विद्यार्थ्याच्या पोटाचा प्रश्न खरा आहे आणि त्याच्याकडे पाठ फिरवण्याचा अधिकार नियमित वेतन घेणाऱ्या अध्यापकाला नाही. आमचे म्हणणे इतकेच, की अशा प्रत्येक पत्रिकेतील निम्मे घटक वाचनाचे असावेत. विद्यार्थ्याने बातमी लिहावी, आणि त्याच दिवशीच्या तीन दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या समोर ठेवून एका घटनेच्या तीन बातम्यांतील क्रियापदे तपासावीत. जाहिरात लिहावी, आणि जाहिरातीतील घरात कोणते आडनाव कधीच राहायला येत नाही हेही पाहावे. मालिकेचा संवाद लिहावा, आणि मालिकेतील सासू प्रमाण मराठी बोलते व मोलकरीण बोलीभाषा बोलते, यामागची गृहीते मांडावीत. यासाठी स्टुडिओ लागत नाही, यंत्रसामग्री लागत नाही. गडचिरोलीच्या महाविद्यालयातही हे होऊ शकते आणि मुंबईच्याही. शिकवणारा मात्र मजकूर बारकाईने वाचता येणारा हवा, आणि असे शिक्षक मराठी विभागांत आहेत.

शेफील्डमध्ये साहित्याची पदवी स्थगित झाली तेव्हा तिच्या बाजूने लेखक, माजी विद्यार्थी, अध्यापक बोलले. ते बोलणे निर्णयानंतरचे होते. आपल्याकडे अभ्यासक्रमांची फेररचना अजून चालू आहे, अभ्यासमंडळांवर आपल्यातीलच सहकारी आहेत, घटकांची वाटणी अद्याप आपल्या हाती आहे. पुढच्या बैठकीत माध्यमांच्या पत्रिकेचा मसुदा समोर येईल तेव्हा त्यातील वाचनाचे घटक किती, हा प्रश्न आपल्यापैकी कोणीतरी विचारावा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.